अडतीस स्टँड, अकरा प्लेटी

अक्कलकुव्याला जाताना मी पाठपिशवीत चार गोष्टी मुद्दाम घेतल्या होत्या: मोजपट्टी, सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ, व्होल्ट मोजायचा मीटर आणि अडतीस कोरे फॉर्म. परत आलो तेव्हा त्यातले सतरा फॉर्म कोरेच होते. ते कोरे का राहिले, हे सोसायटीच्या सभेत मला नीट सांगता आलं नाही. म्हणून लिहितो आहे.

आमची सोसायटी नाशिकरोडची, चव्वेचाळीस फ्लॅटची. तीन वर्षांपूर्वी गच्चीवर सौर प्लेटी बसवल्या. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालायला लागले, तेव्हा या वाचलेल्या वीजबिलाच्या पैशातून दुसऱ्या कोणाकडे तरी दिवा लागावा असं ठरलं. अक्कलकुव्याच्या एका लहान संस्थेमार्फत सातपुड्यातल्या टेंभरीपाड्याला अडतीस संच दिले. घर तिथे संच: छपरावर एक प्लेट, बॅटरीची पेटी, तीन दिवे आणि फोन चार्ज करायची सोय. ते लागल्याचे फोटो आले. आता पुढचा टप्पा होता ओढ्यावरच्या सौर पंपाचा. पावसाळ्यानंतर पाणी मिळालं तर हरभरा होईल, हरभरा झाला तर लोकांना पोटासाठी घर सोडावं लागणार नाही, असा त्यामागचा विचार. समितीने ठरवलं की आधी दिलेल्या अडतीस प्लेटी जागेवर आहेत का ते पाहायचं, मगच पंप. मी सचिव. मोजायचं काम असलं की ते माझ्याकडेच येतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्या संचांच्या करारातलं सातवं कलम मी लिहिलेलं आहे. "संच ज्या छपरावर बसवला त्या छपरावरून हलवल्यास परत घेण्यात येईल व पुढील मदत थांबवण्यात येईल." आमच्या इमारतीच्या नियमावलीतून घेऊन मी त्यात दोन शब्द बदलले होते. अडतीस अंगठ्यांच्या आणि सह्यांच्या प्रती माझ्याजवळ होत्या.

अक्कलकुवा ते मोलगी

संस्थेतल्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, "होळीला या." सातपुड्यात होळी दिवाळीहून मोठी, हे मी ऐकून होतो. मला वाटलं, सणाचं आमंत्रण आहे. तपासणीला जाणाऱ्याने सणाचं जेवू नये, म्हणून मी मुद्दाम महिनाभर आधीची तारीख धरली. शिवाय फेब्रुवारीत आकाश स्वच्छ असतं, प्लेटी तपासायला बरं.

अक्कलकुव्यात रात्री ज्वारीची भाकरी आणि शेवभाजी खाल्ली. तिखट इतकं की दोनदा पाणी मागितलं. सकाळी जीप ठरवली. जीपवाले भटूभाऊ खाली शहाद्याकडचे. पन्नाशीचे, गळ्यात मफलर, आणि बोलायला लागले की दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटायचे.

"कथा जावानं शे भाऊ?"

"टेंभरीपाड्याला."

"आते? आते तठे कोन शे? कोंबड्यासले भेटाले जाई ऱ्हायनात का?"

"लोक कुठे गेले?"

"ऊस तोडाले. होळीले येतीन. तुम्ही महिनाभर पहिले उनात."

देवगोईचा घाट चढून मोलगीला निघालो. घाटात पळस फुलला होता, डोंगर जागोजाग लाल दिसत होता. माझं तिकडे लक्ष नव्हतं. फोनवरच्या दोन शब्दांचा अर्थ मला आत्ता कळत होता. त्या माणसाने सणाला नव्हतं बोलावलं, ऊसतोडीवरून परतलेली माणसं भेटतील तो दिवस सांगितला होता, आणि मी महिनाभर आधीच आलो होतो. तरी मी मनाशी म्हटलं, माणसं नसली तर नसोत, प्लेटी तर असतील. मला प्लेटीच मोजायच्या आहेत.

टेंभरीपाडा

मोलगीपासून भटूभाऊंनी जीप जिथवर जाते तिथवर नेली. पुढे पाच किलोमीटर पायवाट.

पाडा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर दाटीने बसलेली घरं होती. तसं काहीच नव्हतं. इथे प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकडीवर. पहिल्या घरापासून दुसरं चारशे दहा पावलांवर, मध्ये एक नाळ, म्हणजे अरुंद घळ, उतरून चढायची. आमच्या सोसायटीत चव्वेचाळीस घरांचे मीटर मी वीस मिनिटांत पाहून होतो. इथे अडतीस घरांना दीड दिवस लागला.

पहिल्या घराचं दार म्हणजे बांबूची ताटी. कुलूप नव्हतं. ताटीला बोरीची काटेरी फांदी टेकवून ठेवलेली, म्हणजे घरात कोणी नाही. फटीतून धान्याची कणगी दिसत होती, तिचं तोंड शेणाने लिंपून बंद केलेलं. कोपऱ्यात नांगर, खुंटीला टोपली. चार महिन्यांसाठी घर सोडून गेलेल्या माणसांनी राखणीला एक काटा ठेवला होता. मी स्वतः तीन दिवसांसाठी निघताना दोन कुलपं लावून आलो होतो.

मग मी मागे सरकून छपराकडे पाहिलं. लोखंडी स्टँड होता. प्लेट नव्हती.

दुसऱ्या घरावर नव्हती. तिसऱ्यावर नव्हती. चौथ्या घरात माणसं होती, म्हातारा-म्हातारी, तिथे प्लेट होती आणि मीटरवर व्होल्ट बरोबर आले. पाचव्यावर नव्हती. सहाव्या घरात माणसं होती पण प्लेट नव्हती. नवव्या घरापाशी मी दगडावर बसलो. नऊ घरं, दोन प्लेटी. सभेत या प्लेटींसाठी मी उभा राहिलो होतो. कुणीतरी म्हणालं होतं, "दोन महिन्यांत विकून खातील." त्यांना मी फार कडक उत्तर दिलं होतं.

एकच गोष्ट खटकत होती. प्रत्येक रिकाम्या स्टँडला चारही बोल्ट परत लावलेले होते, आणि पाणी जाऊ नये म्हणून प्रत्येक बोल्टवर चिंधी बांधलेली होती.

मी फोटो काढत असताना मागून आवाज आला. "कोणत्या खात्याचे तुम्ही?"

तिशीच्या आत-बाहेरची एक बाई. खांद्याला पिशवी, हातात बाळांचं वजन करायचा लटकता काटा. ती पाड्याची आशा कार्यकर्ती, रमीला. तिचं मराठी शाळेतलं, स्वच्छ.

"खात्याचा नाही. प्लेटी दिल्या त्या सोसायटीचा."

तिने माझ्या हातातला फॉर्म पाहिला. "परत न्यायला आलात?"

"तपासायला."

"तेच ते."

"ताई, प्लेटी कुठे आहेत?"

"खाली गेल्या."

"विकल्या?"

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "विकल्या असत्या तर स्टँड कशाला सोडला असता? भंगारवाला लोखंड आधी मागतो. सर, तुम्ही शिकलेले आहात ना?"

मी परत त्या चिंध्यांकडे पाहिलं. "आधी जेवा, मग मोजा," एवढंच म्हणाली आणि चालू लागली.

तिच्या घरी मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि लसूण-मिरचीची चटणी. डाळीला फोडणी नव्हती, तरी मी दोनदा घेतली. तिचे सासरे दामज्याबाबा पाड्याचे कारभारी. गावातला वाद, लग्न, पेरणी, सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना मराठी कळत होतं, बोलत ते आपल्या बोलीत आणि रमीला मला सांगायची. त्यांनी विचारलं, माझ्या गावात घरं किती.

"चव्वेचाळीस. एकाच इमारतीत."

"एकावर एक?"

"हो."

"मग भांडण झालं तर जाता कुठे?"

"दार लावून घेतो."

म्हातारा बराच वेळ हसला. "इथे भांडण झालं तर नाळ ओलांडून जावं लागतं. अर्ध्या वाटेत राग उतरतो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोजणी संपली. प्लेटी अकरा. काटा टेकवलेली बंद घरं चोवीस. मी ओढ्याच्या काठी बसून बेरीज केली. अकरा आणि चोवीस, पस्तीस. अडतीसला तीन कमी. पुन्हा केली. पस्तीसच. बंद घरांच्या प्लेटी घरमालकांबरोबर गेल्या असं धरलं तरी तीन प्लेटी उरत होत्या. यादी उघडली. सहा, एकोणीस आणि एकतीस क्रमांकाच्या घरांत माणसं होती आणि छपरावर प्लेट नव्हती. एकोणीस म्हणजे रमीलाचं घर. तिथे मी आदल्या दिवशी जेवलो होतो, रात्री झोपलो होतो. चुलीच्या उजेडात जेवलो, दमून लगेच झोपलो, आणि दिवा नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

बसलोच होतो म्हणून ओढाही मोजला. पंधरा लिटरची बादली बावीस सेकंदांत भरली. तिन्ही वेळा तेवढीच. ही धार पुढे कमी होत जाणार हे धरून, पिण्याचं पाणी वजा करून, हे पाणी चौदा घरांच्या हरभऱ्याला पुरेल. चोवीस घरांना नाही.

संध्याकाळी मी रमीलाला विचारलं, "तुमच्या छपरावरची प्लेट कुठे आहे?"

मोहाच्या बियांच्या तेलाचा एक बारीक दिवा पेटवून ती तिची वही भरत होती. पाड्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं. माझ्यासारखीच ती आकडे दोनदा तपासायची, बोट ठेवून. तिने पानं मागे उलटली आणि वही माझ्याकडे सरकवली.

"वनी. माझ्या बहिणीची, सुमलीची."

आठ किलो शंभर. आठ किलो चारशे. आठ किलो सहाशे. पुढच्या महिन्यापासून सगळ्या रकान्यांतून एक सरळ रेघ.

"ऊस गाडीत भरायला पहाटे उठतात," रमीला म्हणाली. "आया मोळ्या उचलतात. लेकरं झोपेत असतात, त्यांना उसाच्या पाल्यावर टाकतात, पाला उबदार असतो ना. गेल्या वर्षी असाच ट्रॅक्टर मागे आला. अंधार होता. चालवणाऱ्याला पाल्याचा ढीग दिसला, पाल्यावरची पोरगी नाही दिसली."

मी विचारलं, "किती वाजता?"

हे मी का विचारलं, मला आजही कळत नाही.

"साडेचार," ती म्हणाली. तिला ठाऊक होतं.

तिने वही मिटली. मग दामज्याबाबांनी सुरुवात केली आणि रमीला मराठीत सांगत गेली. इथे 'लाह' म्हणून रीत आहे. एकाचं घर बांधायचं असलं, एकाची निंदणी मागे पडली असली, की सगळे जातात. मजुरी नाही, त्या घरचं जेवण. यंदा दिवाळीनंतर माणसं ऊस तोडायला खाली जायच्या आधी पाडा बसला आणि दिव्यांचीही लाह करायची ठरलं. जाणाऱ्या चोवीस घरांनी आपापली प्लेट उतरवून न्यायची. टोळ्या तीन होणार होत्या, तर दर टोळीला एक प्लेट वरची, फक्त लेकरं झोपतात त्या जागेसाठी. त्या तीन प्लेटी पाड्यातच राहणाऱ्या तीन घरांनी द्यायच्या. पहिली कारभाऱ्यांनी स्वतःची काढली.

माझ्या तीन प्लेटी सापडल्या होत्या.

"कलम सात तुम्हाला माहीत नव्हतं का?" मी विचारलं.

"मीच तर वाचून दाखवलं होतं सगळ्यांना," रमीला म्हणाली. "अंगठे मीच घेतले. पंपाचंही सांगितलं, की हलवल्या तर पंप जाईल. रात्रभर बोलणं झालं. शेवटी बाबा म्हणाले, कागद इथे राहणार आहे, लेकरं तिथे जाणार आहेत. दिवा कोणाबरोबर पाठवायचा?"

मी माझा फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. त्या कलमाखाली माझी सही आहे. लिहिताना मला चोर दिसत होता. घर सोडून जाणारं माणूस दिसलं नव्हतं.

तापीकाठ

तिसऱ्या दिवशी मी भटूभाऊंना फोन केला. खाली जाऊन निदान एक टोळी डोळ्यांनी पाहायची होती. रमीलाही निघाली. वजनकाटा, वही आणि बहिणीसाठी भाजलेल्या उडदाचं गाठोडं. "पाच लेकरांचं वजन तीन महिने राहिलंय," ती म्हणाली. "यादीत माझीच आहेत ती."

अक्कलकुवा, तळोदा करत प्रकाशा गावाच्या बाजूला उतरलो. डोंगर संपल्याबरोबर दोन्ही बाजूंना केळी, पपई, ऊस. पाटातून पाणी वाहत होतं. सकाळी मी बादलीने मोजलेल्या ओढ्याकाठून निघालो होतो. जिल्हा तोच, अंतर शंभर किलोमीटरच्या आत.

ज्यांच्या शेतात टोळी उतरली होती ते मोतीलालभाऊ, साठीचे गुजर शेतकरी. पांढरी टोपी, मोठं अंगण, मोकळा स्वभाव. नाशिकहून आलो म्हटल्यावर चहा, केळी आणि "जेवन करीसन जा भाऊ" हे सगळं एका दमात. अंगणात तीन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर ते, एकीवर मी. रमीला ओट्याच्या पायरीवर बसली. तिसरी खुर्ची रिकामी राहिली आणि तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं, पण मीही काही म्हणालो नाही.

सोलरचं काम पाहायला आलो म्हटल्यावर ते खूश झाले. मला विहिरीवर घेऊन गेले. पाच अश्वशक्तीचा पंप, पंधरा मोठ्या प्लेटी, पुसून लखलखीत.

"दिवसभर पानी. लाइटनी वाट पाहानी नही. पहिले रातले उठी उठीसन मोटर लावो. आते झोपस सुखमा."

काम खरंच चांगलं होतं. मी बोलून दाखवलं. मग विचारलं, "तोडणीवाले कुठे उतरलेत?"

"त्या बांधना मांगे. यंदा त्यासनाकडे बी सोलर शे. मी बोल्लो, बरं झायं भो. मागला साल एक पोर गयी ना ट्रॅक्टरखाले. आठेच, मन्हाच वावर मा."

मी बांधाकडे पाहिलं. आम्ही उभे होतो तिथून दोनशे पावलं, फार तर सव्वादोनशे.

"तुमच्या इथे एवढ्या प्लेटी," मी म्हणालो, "एखादा दिवा तिकडे..."

"भाऊ, हाई तर पंपनं शे. बॅटरी नही. सूर्य बुडना की बंद."

ते खरंच होतं. रात्रीसाठी त्या पंधरा प्लेटींचा काही उपयोग नव्हता. त्यांच्या बोलण्यात चूक काढायला मला जागा मिळेना, आणि त्यानेच मी जास्त हादरलो. म्हणजे चूक कोणाचीच नव्हती. पंप बरोबर चालत होता, ट्रॅक्टरवाल्याला दिसलं नव्हतं, माझं कलम कायद्याने निर्दोष होतं.

"तिचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"नाव कोनले माहीत भाऊ. डोंगरनी होती."

रमीला आमच्या मागे येऊन उभी होती. "वनी," ती म्हणाली. "माझी भाची."

मोतीलालभाऊंनी टोपी काढली, पुन्हा घातली. "वनी," ते स्वतःशी म्हणाले. नंतर आम्ही बांधाकडे निघालो तेव्हा तेही बरोबर आले. पण बांधापर्यंतच. पुढे आले नाहीत.

बांधामागे पाचटाच्या नऊ कोप्या. वाकून आत शिरावं लागेल एवढ्या. प्रत्येक कोपीपुढे बांबूच्या तिकाटण्यावर एक प्लेट बांधलेली. मी सवयीने मोजपट्टी काढली. सगळ्या प्लेटी दक्षिणेकडे तोंड करून, पाड्यावरच्या स्टँडला होता तेवढाच कल. हा कल त्यांनी कसा साधला, हे एका तोडणीवाल्याने दाखवलं. उतरवायच्या आधी स्टँडच्या उतारावर एक फळी कडेवर उभी ठेवून तिच्या वरच्या कोपऱ्यातून दोरीने दगड लटकवला होता, आणि दोरी फळीच्या खालच्या कडेला जिथे आली तिथे खाच केली होती. ती फळी बरोबर आणली होती. आमच्या गच्चीवरच्या दोन प्लेटींचा कल बसवताना चुकला होता, तो दुरुस्त करायला आम्हाला वर्ष लागलं.

नऊ कोप्या, नऊ प्लेटी. दहावी वेगळी होती, ऊस भरायच्या जागेशी. चार बांबूंना दोरी बांधून एक चौक केला होता, आत गोधड्या. कडेच्या तीन बांबूंवर तीन दिवे. चौथ्या बांबूवर लाल लुगड्याची पट्टी. ट्रॅक्टरवाल्यांना सांगून ठेवलं होतं, लाल पट्टीच्या आत चाक यायचं नाही.

सुमली कोपीतून बाहेर आली. रमीलाहून लहान, पण दिसायला मोठी. मी कोण ते रमीलाने सांगितलं. सुमली आत गेली आणि फडक्यात बांधलेले तीन दिवे घेऊन आली. ते बंद पडले होते. मी दुरुस्तीवाला आहे असंच त्या सगळ्यांना वाटलं होतं. प्लेटी देणारा माणूस इतक्या लांब येतो तो दुरुस्तीलाच येणार, दुसऱ्या कशाला येईल?

एका दिव्याची तार सुटली होती, ती मी चाकूने सोलून जोडली. दुसरे दोन गेलेच होते. माझ्याजवळ एकही जादा दिवा नव्हता. फॉर्म मात्र होते.

रमीलाने बाभळीच्या फांदीला काटा अडकवला. एकेक लेकरू झोळीत बसवून ती आकडा सांगायची, मी वहीत लिहायचो. चार मुलांचं वजन वाढलं होतं, एकाचं दोनशे ग्रॅम कमी होतं. तिने त्याच्या आईला काहीतरी खडसावून सांगितलं आणि आईनेही तेवढ्याच जोरात उलट उत्तर दिलं, तेव्हा सगळ्या बायका हसल्या. काय म्हणाली ते मी विचारलं. रमीला म्हणाली, "म्हणते, तू ये ऊस उचलायला, मी बसून लेकराला भरवते."

दिवेलागणीला कोप्यांतले दिवे लागले. दहा प्लेटींचे तीस दिवे. अठ्ठावीस लागले. शेवटी त्या चौकातले तीन. सुमली त्यांच्याकडे पाहत उभी होती. मग तिने मला तिच्या बोलीत काही विचारलं. रमीलाने लगेच सांगितलं नाही.

"काय म्हणते?"

"विचारते, आता हे काढायचं का?"

तपासणी करणाऱ्याला निर्णय देण्याचा अधिकार नसतो. तो समितीचा. हेही मीच लिहिलेलं आहे.

"नाही," मी म्हणालो.

नाशिकरोड

समितीपुढे मी जेवढं पाहिलं तेवढंच ठेवलं. पाड्यावर अकरा, तापीकाठी दहा, एकूण एकवीस प्लेटी डोळ्यांनी पाहिल्या. उरलेल्या सतरा दुसऱ्या दोन टोळ्यांबरोबर आहेत असं ऐकलं, पाहिल्या नाहीत, म्हणून ते फॉर्म कोरे. एकाने विचारलं की नियम मोडला हे तर खरं ना. मी म्हटलं, खरं. सत्तावीस घरांनी मोडला. दुसऱ्याने विचारलं, मग कलम सातचं काय. मी वनीच्या वजनाचे तीन आकडे वाचले आणि रेघेबद्दल सांगितलं. पुढे मला बोलता आलं नाही.

कलम सात रद्द झालं, सात हात वर, चार खाली. पंप मंजूर झाला. पाइप पावसाच्या आधी टाकायचे आहेत. ओढ्याचा आकडाही मी सांगितला. चौदा घरं राहू शकतील, दहा घरं तरीही खाली जातील. पंपाने सगळं सुटेल असं मी कोणालाही सांगितलं नाही, इथेही सांगत नाही. जाणाऱ्या घरांसाठी प्लेट उचलून नेता येईल असा हलका स्टँड आणि घरटी दोन जादा दिवे, एवढं ठरावात घालून घेतलं.

होळी झाली त्याच्या चौथ्या दिवशी रमीलाचा फोन आला. लोक परतले होते, मागे ढोल वाजत होता, तिला ओरडून बोलावं लागत होतं. ती घरोघरी फिरून मोजून आली होती.

"सदतीस, सर."

"एक कुठे?"

"आमची. तिथेच ठेवली. आपली टोळी उठली, पण धडगावकडची एक टोळी अजून तोडते आहे त्या शेतात. त्यांच्याकडे सहा लेकरं आहेत. मोतीलालभाऊ म्हणाले, राहू द्या, मी लक्ष ठेवतो."

"मग तुमच्या घरी?"

"तेलाची चिमणी आहे ना," ती म्हणाली. "सवय आहे."

फोन ठेवल्यावर मी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. सतरा प्लेटींपुढे रमीलाच्या शब्दावर 'जागेवर आहे' असं लिहिलं. आधी मी तापीकाठी पाहिलेल्या नऊ प्लेटींचे फॉर्मही तसेच सुधारले. शेवटी एकोणीस क्रमांकाच्या घराचा फॉर्म घेतला. 'छपरावर आहे काय' या ओळीवर रेघ मारली, आणि खाली लिहिलं: ऊस भरायच्या जागेशी, तीन दिवे, लाल पट्टीच्या आत. जागेवर आहे.